टाळेबंदी आणि थांबलेली वल्ही

१/६ 🧵 २३ मार्च २०२० रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. घराबाहेर पडण्याच्या मोजक्या कारणांत व्यायामाचा समावेश होता. मग नदीवर एकट्याने होडी वल्हवणे हा व्यायाम नव्हे काय?

२/६ पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी उदाहरणे दिली ती चालणे, धावणे आणि सायकल यांची. २६ मार्चपासून इंग्लंडमध्ये लागू झालेल्या नियमांत मात्र व्यायामाचे प्रकार नमूद नव्हते. अट इतकीच की तो एकट्याने वा घरातल्यांसोबत करावा.

३/६ म्हणजे नियमांच्या अक्षरांत वल्हवण्यास मनाई नव्हती. पेच निराळा होता. शर्यतीची अरुंद होडी सहज कलंडते. बुडणाऱ्यास वाचवायला धावणाऱ्यांना अंतर कसे राखता येणार? ‘ब्रिटिश रोइंग’ या राष्ट्रीय संघटनेने पाण्यावरील सराव थांबवण्यास सांगितले.

४/६ ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतही रद्द झाली. १८२९ साली आरंभलेली ही शर्यत १८५६ पासून केवळ महायुद्धांच्या काळातच खंडित झाली होती.

५/६ १३ मे रोजी इंग्लंडमध्ये निर्बंध सैलावले आणि जलक्रीडांना मुभा मिळाली. एकेरी होड्या प्रथम पाण्यात उतरल्या. २०२१ ची नौकाशर्यत टेम्सऐवजी ईली येथे, प्रेक्षकांविना पार पडली.

६/६ एकट्या नावाड्यापासून संसर्गाचे भय जवळजवळ नव्हतेच. तरीही रुग्णसेवेवर ताण असताना टाळता येण्याजोगा अपघात ओढवून घेऊ नये, हा विवेक त्या सात आठवड्यांत नियमांहून अधिक मोलाचा ठरला.