मोहोळ झाडणे आणि माशी पाळणे

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला कंधारचा किल्ला नाही तर १७६० ची उदगीरची लढाई आठवते. पण इतिहास रोजच्या बोलण्यातही दडलेला असतो. लोक एखादे काम कसे करीत आले, हे त्या कामाचे शब्दच सांगतात. आज मधाचे शब्द घेऊ.

आपल्याकडे मोहोळाला बोलताना ‘मव्हळ’ म्हणतात. या मव्हळाचे काय करायचे? तर ते झाडायचे! खाली धूर करायचा, माशा उठवायच्या, पोळे कापायचे अन् फडक्यात पिळायचे. मध मिळतो खरा. पण त्याच्याबरोबर अंडी, पिले सगळीच जातात. आता आपले वाक्प्रचार पाहा. ‘मोहोळ उठणे’, ‘आग्या मोहोळाला हात घालणे’, ‘मधाचे बोट लावणे’. यांत घेणे आहे, पळणे आहे, भुलवणे आहे. पाळणे मात्र कुठेच नाही. गाय पाळली, शेळी पाळली. माशीला आपण लुटलेच.

म्हणून आपल्या माणसांना माशीची पारख नव्हती असे समजू नका. उंच झाडाला, कड्याला एकच मोठे पोळे लटकवणारी ती आग्या. तिच्या डंखाची आग नावातच आहे. झुडपात तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक पोळी बांधणारी ती सातेरी. आग्या उघड्यावर राहणारी, ती पेटीत नांदत नाही. सातेरी अंधारात राहणारी, म्हणून पेटीत नांदते. शास्त्राने केलेले भेद खेड्यातल्या नावांत आधीच आहेत.

जाणत्यांचीही कधी चूक होते. प्रश्नोपनिषदात मधमाशांच्या राजाचा दृष्टान्त आहे : तो उठला की साऱ्या उठतात. ग्रीसचा ॲरिस्टॉटलही राजाच म्हणे. पुढे सतराव्या शतकात स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’च्या पोटातले अंडाशय पाहिले. राजाची राणी झाली! शब्द चुकला होता, निरीक्षण चुकले नव्हते.

१८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले, की दोन पोळ्यांमध्ये बोटाच्या पेराहून कमी, ठरावीक फट ठेवली तर माशा ती बुजवीत नाहीत. त्यातून सुट्या चौकटींची पेटी निघाली. चौकट उचलायची, यंत्रात फिरवून मध काढायचा, पोळे परत जागेवर ठेवायचे. आपल्या राज्यात १९४६ साली महाबळेश्वरला हे काम सरकारी पातळीवर सुरू झाले. १९६२ साली पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. तेव्हा ‘झाडणे’ या शब्दाशेजारी ‘पाळणे’ हा शब्द येऊन बसला.

शेतकरी बंधूंनो, हा नुसता शब्दांचा खेळ नाही. सूर्यफुलाचे दाणे भरायला माशी लागते. पीक ऐन फुलात असताना, माशा कामावर असताना औषध फवारले, तर आपण पुन्हा मोहोळच झाडतो, फक्त धुराशिवाय.

आणि गुरुजी, एक काम तुमच्याकडे. देगलूर-बिलोलीच्या बाजारात मधाला तेलुगू माणूस ‘तेने’ म्हणतो, निलंग्याकडे कानडी माणूस ‘जेनु’ म्हणतो, उर्दू बोलणारा ‘शहद’ म्हणतो. मुलांना आजोबांकडे पाठवा. माशांची नावे, पोळ्याच्या भागांची नावे वहीत उतरवून घ्या. मोहोळ एकदा उठले तर कधी परत येते. शब्द उठून गेला की येत नाही.