चंबी : एका खुल्या उपकरणाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात निर्मात्याला जेवढे स्थान मिळते, तेवढे ते यंत्र वापरणाऱ्याला क्वचितच मिळते. भिंतीवरचे घड्याळ अथवा रेडिओ विकत घेणारा त्याचा पूर्ण मालक होई. बनविणारी कंपनी बुडाली तरी घड्याळ बंद पडत नसे. इंटरनेटशी जोडलेल्या उपकरणांनी ही परंपरागत कल्पना मोडली. अशा उपकरणाचा देह ग्राहकाच्या घरी असतो आणि प्राण दूरच्या सर्व्हरवर. ह्या स्थितीत मालकी म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नाच्या विचारास अमेरिकेतील ‘चंबी’ ह्या उपकरणाचा वृत्तान्त विशेष उपयुक्त आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील चंबी इंडस्ट्रीज ह्या कंपनीने २००६ च्या ऑगस्टमध्ये ‘फू कॅम्प’ ह्या तंत्रज्ञांच्या मेळाव्यात चंबीचे पहिले नमुने वाटले. सार्वत्रिक विक्री २००८ मध्ये सुरू झाली. किंमत सुमारे १८० डॉलर होती. मऊ वेष्टनात बसविलेला ३.५ इंची स्पर्शपडदा, ३५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, वाय-फाय आणि दोन यूएसबी जोडण्या, एवढाच त्याचा पसारा. वेष्टन हाताने दाबले की पडद्यावर नियंत्रणाची यादी येई. घड्याळ, हवामान, बातम्या, छायाचित्रे अशा लहान लहान फ्लॅश-रचना सर्व्हरवरून येत आणि पडद्यावर एकामागून एक झळकत.

वस्तू तशी साधी. परंतु तिच्यामागील धोरण असाधारण होते. यंत्रभागाची रचना करणारे अँड्र्यू हुआंग हे ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ (२००३) ह्या ग्रंथामुळे प्रसिद्धीस आलेले होते. बंद पेटी उघडण्याचे शास्त्र सांगणाऱ्यानेच येथे उघडी पेटी घडविली. विद्युत्-मंडलाचे आराखडे कंपनीने काही अटींसह प्रसिद्ध केले. आत लिनक्स ही प्रणाली होती. नियंत्रणाच्या पडद्यावर ‘पाय’ हे ग्रीक अक्षर एका कोपऱ्यात दडविलेले होते. त्यातून दूरस्थ प्रवेशाचे दार उघडता येई. यूएसबी स्मृतीवर ‘डिबगचंबी’ नावाची आज्ञावली ठेवल्यास उपकरण सुरू होतानाच ती चालविली जाई. दुसऱ्या उपकरणांत ज्या वाटा चोरून शोधाव्या लागत, त्या येथे निर्मात्यानेच मोकळ्या ठेवल्या होत्या.

विद्युत्पुरवठ्याच्या बाबतीत मात्र स्वातंत्र्य इतके सुलभ नव्हते. पहिली चंबी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चाले. आत ९ व्होल्टची नेहमीची बॅटरी जोडण्याची सोय होती. तथापि तिच्यात साठणारी ऊर्जा थोडी, आणि पडदा, प्रोसेसर व वाय-फाय ह्यांची भूक सततची. त्यामुळे ती दीर्घकाळ पुरणे शक्य नव्हते. मोटारीच्या बॅटरीचा पर्यायही निर्धोक म्हणता येत नाही. तिला १२ व्होल्टची म्हणत असले तरी इंजिन चालू असता दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो, म्हणून मध्ये दाब-नियामक घालणे इष्ट. २००९ च्या अखेरीस आलेल्या ‘चंबी वन’ ह्या स्वस्त आवृत्तीत लिथियम-आयन बॅटरीसाठी जागा ठेवली, ती ह्या उणिवेची एक प्रकारे कबुलीच होय.

परंतु भिंतीतल्या तारेपेक्षा अधिक निर्णायक अशी दुसरी तार सर्व्हरशी जोडलेली होती. २०१२ मध्ये कंपनीचा व्यवहार आटोपला आणि पुढील वर्षी सेवा जवळजवळ संपून पडद्यावर केवळ एक घड्याळ उरले. वीज होती, यंत्र धडधाकट होते, पण आशय नाहीसा झाला. खुल्या रचनेचे खरे मोल ह्या वेळी कळून आले. सर्व्हरशिवाय, केवळ यूएसबी स्मृतीवरून चंबी चालविणारी प्रणाली एका वापरकर्त्याने रचली. तर ‘ब्लू ऑक्टी’ ह्या नव्या कंपनीने २०१४ च्या जुलैत वर्गणी घेऊन सेवा पुन्हा चालू केली.

येथे तुलना उद्बोधक ठरते. चंबीच्याच पायावर सोनीने २०१० मध्ये ‘डॅश’ हे उपकरण काढले, परंतु आत हात घालण्याची मोकळीक ग्राहकास दिली नाही. २०१७ च्या जुलैत सोनीने सेवा थांबविली, तेव्हा ग्राहकापाशी अधिकृत असा कोणताच मार्ग उरला नाही.

चंबीने कंपनीला तारले नाही, हे खरेच. आराखडे प्रसिद्ध केल्याने व्यापार टिकतो, असा निष्कर्ष ह्या इतिहासातून निघत नाही. मात्र निर्माता नाहीसा झाल्यावर वस्तूचे काय होते, ह्याचे उत्तर ती घडविताना घेतलेल्या निर्णयांत असते, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते. मालकी ही विक्रीच्या पावतीने पुरी होत नाही. वस्तू उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि स्वतःच्या बळावर चालविण्याचा अधिकार तिच्यात अंतर्भूत असावा लागतो.