सांदवाडीची हिरवाई : कमी पाण्यातल्या बागेचा आपला इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. सोसायटीची नोंदणी, पहिली सभा, रस्ते, नळ, पथदिवे हे सगळं कार्यवृत्तात येईलच. मी लिहिते आहे तो इतिहास कोणत्याही रजिस्टरात नाही. तो आपल्या घरांच्या मागे आहे, सांदवाडीत.

आत्ताच लिहायला कारणही तसंच आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त मागच्या ओपन स्पेसमध्ये बाग करायची, असं सगळ्यांच्या मनात आहे. त्यासाठी हिरवंगार लॉन, अरेका पाम, कारंजं, कडेने गट्टू आणि पाण्यासाठी एक नवं बोअर, असा एक प्रस्ताव आहे. कॅटलॉगमधलं चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. निर्णय सर्वसाधारण सभेत होईल. त्याआधी आपल्या भागात हिरवाई आजवर कशी टिकत आली, हे सर्वांपुढे ठेवावं असं वाटलं.

आपला उष्ण कटिबंध

कॅटलॉगमध्ये त्या बागेचं नाव 'ट्रॉपिकल गार्डन' असं आहे. ट्रॉपिकल म्हणजे उष्ण कटिबंधातली. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना नकाशावर दाखवायची की कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि आपलं नरखेड त्याच्या दक्षिणेला, सुमारे साडेएकवीस अंशांवर. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच राहतो. तो बाहेरून आणायची गरज नाही.

फरक पावसाचा आहे. केरळ किंवा सिंगापूरसारख्या ठिकाणी वर्षातले बरेच महिने पाऊस असतो. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. पुढचे आठ महिने त्याच ओलीवर काढायचे असतात, आणि त्यातला मे महिना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. म्हणून आपली जंगलं पानगळीची आहेत. साग उन्हाळ्यात उघडाबोडका होतो, तो मेलेला नसतो, पाणी वाचवत असतो. त्याच दिवसांत पळस मात्र फुलतो. आपला कटिबंध कोरडा आहे, आणि इथल्या जुन्या बागा त्या कोरडेपणाला धरूनच लावलेल्या असत.

पाण्याच्या क्रमाने लावलेली झाडं

नव्या पिढीसाठी सांगते. घराच्या मागची मोकळी जागा म्हणजे सांदवाडी. पुण्याकडचे लोक तिला परसबाग म्हणतात. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, कुठलंही जुनं घर घ्या, पुढे छपरी आणि मागे सांदवाडी असायचीच.

वरवर पाहता तिथे झाडं कशीही उगवल्यासारखी दिसत, पण त्यांना एक क्रम असे. न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडे, तिथे केळ, कर्दळ आणि धोपा, म्हणजे ज्याच्या पानांच्या वड्या करतात तो. ही सगळ्यात तहानलेली मंडळी. त्यापुढे लिंबू, गोडलिंब, जास्वंद, पेरू, कारण त्यांना चार दिवसांनी पाणी मिळालं तरी चालतं. त्याहून दूर सीताफळ आणि पांढरा चाफा. कुंपणाला अडुळसा. अगदी टोकाला शेवगा, कोरफड आणि एखादं बोरीचं झाड. त्यांच्यापर्यंत बादली घेऊन कोणी जात नसे. पाणी घरापासून जसजसं कमी होत जाई, तसतशी कमी पाण्याची झाडं लागत.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ साली दुष्काळात टिकणाऱ्या बागांसाठी 'झेरिस्केप' असा शब्द तयार केला. 'झेरॉस' म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. सारख्या तहानेची झाडं एकत्र लावा, हा त्या पद्धतीचा एक मुख्य नियम आहे. आपल्या आज्यांनी हेच केलं होतं, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

परदेशी पाहुणे

या सांदवाडीतली सगळीच झाडं इथली नाहीत, हाही इतिहासाचा भाग आहे. शेवगा, गोडलिंब, बेल, कवठ ही आपल्या देशातली. पण देवाला रोज वाहतो तो पांढरा चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. पेरू, पपई, सीताफळ ही फळंही अमेरिका खंडातली, आणि पोर्तुगीजांच्या काळात ती भारतात रुजली असं बहुतेक अभ्यासक मानतात. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. बोगनवेल ब्राझीलची. गुलमोहर मादागास्करच्या कोरड्या जंगलातला.

इतक्या दुरून येऊन ही झाडं आपल्या मातीत घरच्यासारखी राहिली. त्यांतली बरीचशी अशा प्रदेशातली आहेत जिथे काही महिने पाऊस आणि बाकीचे महिने कोरडे असतात. चाफ्याच्या जाड फांद्यांत पाणी साठतं आणि तो कोरड्या दिवसांत पानं टाकून उभा राहतो. सीताफळही पानं झाडून विश्रांती घेतं. इथल्या कोरड्या ऋतूला ही झाडं मुळातच सरावलेली होती, म्हणून ती टिकली. कॅटलॉगमधला अरेका पामही मादागास्करचाच आहे, पण त्या बेटाच्या पूर्वेकडच्या पावसाळी भागातला. गुलमोहर आणि अरेका एकाच बेटावरून आले, तरी एक आपल्या उन्हात लाल होतो आणि दुसरा पानांच्या टोकांपासून करपत जातो.

संत्र्याने शिकवलेला ताण

आपल्या तालुक्यात 'बगीचा' म्हटलं की संत्र्याचाच, दुसरा कोणताही नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणवली, असं सांगितलं जातं. म्हणजे संत्रंही आधी वाड्याच्या बागेत आलं आणि मग शेतात गेलं. १९२०च्या दशकात नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग झाला, उत्तरेकडचा बाजार जवळ आला, आणि काटोल-नरखेडच्या काळ्या मातीत बगीचे वाढत गेले. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

संत्र्याच्या शेतकऱ्याला एक गोष्ट पाठ असते, ती म्हणजे ताण. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडायचं. मृग बहारासाठी उन्हाळ्यात तोडायचं. झाड थोडं मलूल होतं, वाढ थांबते, आणि मग पाणी मिळालं की फुलांनी लदबदतं. जमीन भारी असेल तर ताण जास्त दिवस, हलकी असेल तर कमी. उलट रोज पाणी देऊन खोडाशी ओल ठेवली तर डिंक्या लागतो आणि झाड हातचं जातं. म्हणून खोडाभोवती दुहेरी आळं करतात. आतलं आळं कोरडं ठेवायचं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात द्यायचं.

दारातल्या बोगनवेलीचंही तसंच आहे. रोज पाणी घाला, नुसती पानं येतील. पाणी तोडा, पानं दिसणार नाहीत इतका रंग येईल. आमच्या मागच्या ओळीतल्या आजी मला म्हणायच्या, "बाई, झाडाले रोज पाणी देलं त मूळ वरच बसते, खाली जात नाही." वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही हेच आहे, फक्त पानभर लांब.

मोटेपासून बोअरपर्यंत

मग आपल्याकडे पाणी कमी का पडलं? मोटेच्या काळात बैल जेवढं ओढतील तेवढंच पाणी विहिरीतून निघायचं. बैल थकले की विहिरीलाही विश्रांती मिळे. पुढे इंजिन आलं, मग विजेचे पंप आले, ओलित वाढलं, बगीचे वाढले. त्याने तालुक्यात पैसा आला, मुलं शिकली, आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं त्यातून उभी राहिली. हे विसरून चालणार नाही. पण विहिरी आटल्यावर बोअर आले, आणि बोअर दरवर्षी खोल जाऊ लागले. पावसाने भरायचा वेग तोच राहिला आणि उपसायचा वेग वाढला.

पाण्याची दोन्ही टोकं या तालुक्याने पाहिली आहेत. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केलं. दोनशेवर माणसं गेली. आणि २०१८ साली राज्य सरकारने ज्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपलं नरखेड होतं. २०१९च्या उन्हाळ्यात वाळलेले बगीचे तोडताना शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पंधरा-वीस वर्षं पोसलेलं झाड सरपण म्हणून विकायचं, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

आपली पंचवीस वर्षं

आपला लेआउटही अशाच एका बगीच्यावर पडलेला आहे. ओपन स्पेसच्या कोपऱ्यात जाळी टाकलेली विहीर आहे, ती त्या बगीच्याची. प्लॉट पडले तेव्हा इथे सावलीला एक झाड नव्हतं. काळी माती, भेगा, खाली मुरूम. घरं बांधली तशी ज्याने त्याने गावाकडून फांदी, कंद, बी आणून लावलं. मोवाडकडच्या एका घरातून आलेल्या चाफ्याच्या फांद्या आज निदान पाच-सहा अंगणांत आहेत.

२०१९च्या त्या उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी होतं. तेव्हा काय जगलं आणि काय गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. लॉन पिवळी पडून गेली. कुंड्यांतले पाम आणि विकतचे गुलाब गेले. चाफा, शेवगा, सीताफळ, अडुळसा, बोगनवेल, कोरफड, कण्हेर उभी होती. मोरीच्या पाण्यावरची केळसुद्धा हिरवी होती, कारण पाणीटंचाईतही माणूस आंघोळ करतोच. ज्यांनी सांदवाडीत पाचोळा जाळण्याऐवजी झाडांच्या बुडाशी पसरला होता, त्यांच्याकडे माती हाताला गार लागत होती. ज्या घरांनी मागे भिंतीपर्यंत गट्टू लावले होते, त्यांच्या मागच्या खोल्यांत रात्रीही बसवत नव्हतं.

थोडा हिशेब

हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ९३ लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर धरला तर एका छतावर ९३ हजार लिटर. थोडं वाया गेलं तरी पंच्याहत्तर हजार कुठे जात नाही. आज ते नालीतून वाहून जातं.

आता तेवढ्याच आकाराचं लॉन घ्या. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी म्हटलं तरी ४६५ लिटर. मार्चपासून शंभर दिवस धरले तर साडेसेहेचाळीस हजार लिटर, तेही गवतासाठी, तेही नळाला पाणी नसतं त्याच दिवसांत. शिवाय ते येणार बोअरमधून, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीखालून.

सभेपुढे एक विनंती

म्हणून माझी सूचना अशी आहे. बाग व्हावीच, दाट आणि हिरवी व्हावी, पण आपल्या सांदवाडीच्या पद्धतीने. उंच सावलीला कडुनिंब आणि शेवगा. त्यांच्याखाली चाफा, सीताफळ, लिंबू, पारिजातक. कडेने अडुळसा आणि बोगनवेल. जमिनीलगत कोरफड, गवती चहा, आणि उताराच्या सखल कोपऱ्यात कर्दळ आणि केळ. तीन थरांची अशी सावली झाली की जमीन तापत नाही आणि ओल टिकते. पायवाटेपुरतेच गट्टू, बाकी माती उघडी किंवा पाचोळ्याने झाकलेली.

लागवड पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी, म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा मिळतो. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाजवळ बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावं. मातीतून पाझरणारं पाणी थेट मुळाशी जातं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही युक्ती सांगितलेली आहे आणि आपल्या कुंभारवाड्यात ती मडकी आजही मिळतात. तिसऱ्या वर्षापासून यांतली बरीच झाडं स्वतःच्या पायावर उभी राहतील.

बोअरचे पैसे जुन्या विहिरीवर लावावेत. गाळ काढावा, आणि सभोवतालच्या छतांचं पाणी वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून तिच्यात सोडावं. न्हाणीचं पाणी ज्यांना शक्य आहे त्यांनी झाडांना वळवावं. सोड्याचं, फार डिटर्जंटचं पाणी तेवढं टाळावं, त्याने काळी माती घट्ट होऊन बिघडते. आणि कच्च्या खायच्या भाजीला ते देऊ नये.

ही झाडं मार्चमध्ये पानं गाळतील. तेव्हा कोणीतरी म्हणेल की बाग वाळली, पाणी टाका. त्या दिवसांत थोडा धीर धरायचा आहे. प्रत्येक घराने आपल्या सांदवाडीतली एक फांदी किंवा एक रोप मृगाच्या पावसानंतर ओपन स्पेसमध्ये आणून लावलं, तर नर्सरीचा खर्चही फारसा येणार नाही. माझ्याकडे चाफ्याच्या फांद्या आणि कोरफडीची पिल्लं भरपूर आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी कधीही यावं.