हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रिया आणि शोथाची कल्पना

जखम जितकी लहान, तितकी शरीराची प्रतिक्रियाही लहान, ही समजूत फार जुनी आहे. हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रियेच्या इतिहासाने मात्र तिला वेळोवेळी मुरड घातली आहे.

प्रथम शोथ या कल्पनेचा विचार केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. आम शोथ फाडणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, असे दोघेही वैद्य तेथे निंद्य ठरतात. रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लाली, सूज, ऊष्मा व वेदना ही चार लक्षणे नोंदविली. दोन्ही परंपरांत शोथ हा डोळ्यांस दिसणारा व हातास लागणारा विकार होता. १९३० साली टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आढळले. पुढे त्याच्या मापनामुळे बाहेरून न दिसणाऱ्या शोथाचाही मागोवा घेता येऊ लागला.

झडपांच्या शस्त्रक्रियेत हा प्रश्न १९५० नंतर पुढे आला. अरुंद झालेली द्विदल झडप चालत्या हृदयात बोट घालून मोकळी करण्याचा प्रयोग लंडनमध्ये साउटर याने १९२५ साली केला होता. १९४८ पासून ही शस्त्रक्रिया रूढ होऊ लागली. परंतु काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ताप व छातीत वेदना सुरू होत. १९५३ साली सोलॉफ व त्याच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ संधिवाताच्या तापाची पुनरावृत्ती असा लावला. १९५८ साली इटो, एंगल व गोल्डबर्ग यांनी दाखविले की, ज्यांना हा ताप कधीच आला नव्हता, अशा जन्मजात हृदयदोषाच्या रुग्णांतही शस्त्रक्रियेनंतर तीच लक्षणे उद्भवतात. कारण जुना रोग नसून हृदयावरणास झालेली इजा होती.

दरम्यान, ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात गिबनने हृद्-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. यंत्राच्या नळ्यांशी संपर्क येताच रक्तातील संरक्षक प्रथिने उद्दीपित होतात, हे पुढे सिद्ध झाले. साहजिकच शोथाचे खापर यंत्रावर फुटले आणि यंत्र टळले की शोथही टळेल, अशी आशा बळावली.

त्या आशेची कसोटी १६ एप्रिल २००२ रोजी सुरू झाली. फ्रान्समधील रूआँ येथे क्रिबिए याने छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून नलिका नेऊन महारोहिणीची नवी झडप बसविली. पुढे ही पद्धती मुख्यतः वृद्ध रुग्णांसाठी वापरली गेली. उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा तीत शोथ सामान्यतः कमी असतो. तथापि काही रुग्णांत सर्वांगीण शोथप्रतिक्रिया आढळते, आणि अशा रुग्णांत मूत्रपिंडांस इजा व मृत्यू यांचे प्रमाण अधिक दिसले आहे. झडप बसविताना हृदय क्षणभर अतिवेगाने चालविले जाते. तेव्हा रक्तदाब घसरतो व अवयवांना रक्त अपुरे पडते. हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मांडीवरील खूण या घटनेची साक्ष देत नाही.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या इतिहासाला व्यावहारिक अर्थ आहे. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली आले. मेहकर, लोणार किंवा जळगाव जामोद तालुक्यातील वृद्ध अशा उपचारासाठी मोठ्या शहरात जातो व थोड्याच दिवसांत घरी परततो. जखम जवळजवळ दिसत नाही, म्हणून आजार संपला असे घरच्यांस वाटते. उतारवयात ताप फारसा चढत नाही. भूक मंदावणे, धाप लागणे, बोलण्यात विसंगती येणे हीच कित्येकदा पहिली सूचना असते. ताप आलाच, तर सर्वांच्या तोंडी एकच शब्द येतो : ‘इन्फेक्शन’. वस्तुतः संसर्ग म्हणजे जंतूंचा शिरकाव, तर शोथ म्हणजे शरीराने दिलेले उत्तर. जंतूंवाचूनही शोथ होतो. उलट नव्या झडपेवर जंतू खरोखरच बसले असतील, तर ते प्राणघातक ठरू शकते. दोहोंचा उपचार भिन्न असल्याने रक्ताची तपासणी होण्यापूर्वी प्रतिजैविक देणे निदानास बाधक ठरते.

जुना ताप, यंत्र, जखम : प्रत्येक काळाने शोथाचे कारण त्यास जे ठळक दिसले त्यात शोधले. त्यांपैकी एकही कारण सर्वस्वी खोटे नव्हते. पण एकही पुरेसे नव्हते. मराठी वैद्यकीय परिभाषेने शोथ आणि संसर्ग हे दोन शब्द वेगळे राखणे हा केवळ शब्दशुद्धीचा आग्रह नव्हे. घरी परतलेल्या वृद्धाचा ताप कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न विचारला जाणे त्यावर अवलंबून आहे.