एकच विहीर, दोन जागा

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सपाट मैदानात विल्यम लॅम्ब्टन यांनी पोलादी साखळीने आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला. सुमारे १२ किलोमीटरची ही रेषा अचूक मोजल्यावर पुढे मुख्यतः कोन मोजूनच त्रिकोणाला त्रिकोण जोडत जाता येई. जानेवारी १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाट येथे निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

या मोजणीतून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती रूप सिद्ध झाले, ते ‘एव्हरेस्ट लंबगोल’ म्हणून ओळखले जाते. मध्य भारतातील कल्याणपूर हा मूळबिंदू मानून तो भारतीय भूभागाशी जुळवण्यात आला. मात्र त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळत नाही. उपग्रहांवर आधारलेली डब्ल्यूजीएस-८४ ही प्रणाली त्या केंद्रापासूनच मोजते. परिणामी एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्ही प्रणालींत निराळे येतात. रूपांतर न करता जुना नकाशा नव्या नकाशावर ठेवल्यास मध्य भारतात विहीर शंभर मीटरांहून अधिक सरकते, कदाचित शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसते.

भू-माहितीकोशाचे महत्त्व येथे कळते. त्यात केवळ आकडे साठवले जात नाहीत. ते कोणत्या संदर्भप्रणालीतले आहेत, याचीही नोंद राहते. विहीर बिंदू म्हणून, रस्ता रेषा म्हणून आणि शेत बहुभुज म्हणून स्वतंत्र स्तरांत ठेवले जाते. लगतच्या दोन शेतांनी एकमेकांवर चढू नये, असा नियमही कोशाला घालून देता येतो. मग ‘नदीपासून ५०० मीटरांच्या आत कोणत्या विहिरी आहेत?’ हा प्रश्न थेट कोशालाच विचारता येतो. अवकाशीय सूचीमुळे प्रत्येक नोंद तपासावी लागत नाही. दूरचे प्रदेश आधीच वगळले जातात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस-८४ स्वीकारले. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने २०३० पर्यंत देशाच्या उच्च विभेदनाच्या सर्वेक्षणाचे लक्ष्य ठेवले, तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भू-स्थानिक अभियानाची घोषणा झाली. भूमी अभिलेखांचे आधुनिकीकरण हा त्याचा एक हेतू आहे. तेथे जुने आणि नवे नकाशे एकत्र येणारच. रूपांतरात राहिलेली चूक पडद्यावर सहज लक्षात येत नाही; बांधावर मात्र ती दोन कुटुंबांचा वाद होऊन उभी राहते.