संगणकाची परतीची वाट

बंगळूरच्या जुन्या पेठेला लागून सदर पत्रप्पा रस्ता आहे. शहरातील लोक त्याला 'एस. पी. रोड' एवढ्याच नावाने ओळखतात. केम्पेगौडाने १५३७ मध्ये वसविलेली आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेली ही पेठ मराठी माणसाला अगदीच परकी नाही. आज या रस्त्यावर संगणकांचे सुटे भाग विकले जातात आणि बिघडलेली यंत्रे दुरुस्त होतात. इथल्या कारागिरांकडे येणाऱ्या कामांत एक काम मोठे विलक्षण आहे. यंत्र नवे असते, त्यातील प्रणालीही नवी असते, आणि गिऱ्हाईक मात्र म्हणते की ही काढून टाका आणि मागची पूर्ववत बसवून द्या. माणूस पुढच्या वस्तूसाठी पैसे मोजतो हा व्यापाराचा सर्वसाधारण नियम होय. मागे जाण्यासाठी तो पैसे का मोजतो, या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या साठ वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते.

संगणकाचे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. कळफलकावरील आघात, पडद्यावरील अक्षर, तबकडीवरील नोंद आणि छपाईचा कागद या सर्वांचा मेळ घालणारी एक मूळ आज्ञावली त्यात असावी लागते. तिला 'ऑपरेटिंग सिस्टिम', म्हणजे कार्यप्रणाली, म्हणतात. वाड्यातील जुन्या दिवाणजीप्रमाणे सर्व किल्ल्या तिच्या कमरेला असतात. नवा दिवाणजी आला की तो दप्तराची मांडणी बदलतो, नोंदींची पद्धत बदलतो आणि जुन्या नोकरांपैकी काहींना ओळखतही नाही. पुढची आवृत्ती मागच्या आवृत्तीचे लेखन वाचू शकते, कारण ती लिहिणाऱ्यांपुढे मागची आवृत्ती असते. मागच्या आवृत्तीला मात्र पुढचे वाचता येण्याचे काही कारण नाही. म्हणून संगणकावर एक पायरी चढणे सोपे असते, आणि उतरताना बहुधा सारे घर रिकामे करावे लागते. आधी माहितीची नक्कल दुसरीकडे काढून ठेवावयाची, तबकडी पुसावयाची, जुनी प्रणाली नव्याने बसवावयाची, आणि मग छपाईयंत्र, आवाज, जाळ्याची जोडणी यांसाठी त्या जुन्या प्रणालीला समजतील असे दुभाषे, म्हणजे 'ड्रायव्हर', हुडकावयाचे. हे शेवटचे काम सर्वांत जिकिरीचे असते, कारण नव्या यंत्राच्या कर्त्यांनी जुन्या प्रणालीसाठी दुभाषे लिहिलेलेच नसतात.

ही अडचण प्रथम मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती १९६४ साली. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल रोजी 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमाला जाहीर केली. तिची रचना आधीच्या सर्व यंत्रांहून वेगळी होती. परंतु १९५९ मध्ये जाहीर झालेले '१४०१' हे यंत्र तोवर असंख्य कचेऱ्यांत रुळले होते, आणि त्यांचे पगारपत्रक व हिशेब त्या यंत्राच्या भाषेत लिहिलेले होते. हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने नेमके हेच हेरले. १४०१ वरील आज्ञावल्या आपल्या यंत्रावर उतरवून देणारे साधन तिने डिसेंबर १९६३ मध्येच पुढे केले आणि त्याला 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता, असे नाव दिले. आयबीएमला मग नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग वठविण्याची सोय करावी लागली. कोट्यवधी डॉलर खर्चून घडविलेले नवे यंत्र अनेक कचेऱ्यांत दिवसचे दिवस जुनेच यंत्र होऊन काम करीत असे!

त्याच मालेतील '३६०/४४' हे यंत्र १९७० च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. १९८३ मध्ये, पुण्यात जन्मलेली इन्फोसिस बंगळुरास गेली, आणि १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तेथे आली. या शहराचा नंतरचा उत्कर्ष नव्या शोधांवर झाला असे सांगण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे आहे. १९९० नंतरच्या दशकात बंगळूरच्या कंपन्यांना परदेशांतून जे काम आले, त्यातील मोठा वाटा जुन्या प्रणालींच्या दुरुस्तीचा होता. ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रिकेत जागा वाचावी म्हणून एकेकाळी वर्षाचे दोनच अंक लिहिले जात. २००० साल उजाडताच ते यंत्राला १९०० वाटेल ही भीती होती. आपल्या जन्माआधी लिहिल्या गेलेल्या कोबोल आज्ञावल्या ओळीओळीने वाचणारे तरुण त्या वेळी बंगळुरात शेकड्यांनी होते.

सामान्य माणसाला हा अनुभव आला तो मात्र २००७ साली. मायक्रोसॉफ्टची 'विंडोज एक्स्पी' ही प्रणाली २००१ मध्ये निघाली होती आणि लोकांच्या हाताखालची झाली होती. ३० जानेवारी २००७ रोजी 'व्हिस्टा' बाजारात आली. ती दिसावयास देखणी, पण स्मरणशक्तीची भुकेली होती, आणि अनेक जुनी छपाईयंत्रे तिला ओळखेनात. जगभर लोक एक्स्पीकडे परतू लागले. व्हिस्टाच्या वरच्या दर्जाच्या दोन आवृत्त्या घेणाऱ्यांना एक्स्पी बसविण्याची मुभा परवान्यातच दिलेली होती. म्हणजे विक्रीच्या हिशेबात नवी प्रणाली आणि टेबलावर जुनी, असा प्रकार झाला. ३० जून २००८ रोजी एक्स्पीची सर्वसाधारण विक्री थांबली. तिचा वापर काही थांबला नाही.

मराठी छापखान्यांचे कारण याहून खोल होते. त्याचा एक धागा पुन्हा बंगळुरातच जातो. देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा आणि वेलांट्या संगणकावर आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', पुण्याच्याच सी-डॅक संस्थेची 'आयएसएम' आणि बंगळूरच्या सायबरस्केप कंपनीची 'आकृती' ही नावे ठळक होत. त्या काळच्या टंकात अक्षरांसाठी २५६ च घरे होती, आणि ती घरे मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली. प्रत्येक कंपनीने त्यांत देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसविले. परिणामी एका टंकातील लेख दुसऱ्या टंकात उघडला की मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा चिवडा दिसे. लेख टंकावर अवलंबून, टंक कळफलकाच्या आज्ञावलीवर, ती आज्ञावली अनेकदा यंत्राच्या पाठीमागे खोचावयाच्या कुलपावर, आणि ते कुलूप जुन्या प्रणालीवर, अशी ही साखळी होती. पानांच्या मांडणीसाठी वापरात असलेल्या 'पेजमेकर'ची शेवटची आवृत्ती, ७.०, हीदेखील २००१ मधील. नवी प्रणाली आली की या साखळीतील कोणता ना कोणता दुवा निखळे. दिवाळी अंकाची पाने अर्धी लागलेली असताना असे झाले, तर छापखान्याच्या मालकाने जुन्या प्रणालीकडे धाव घ्यावी यात नवल नाही. त्याला पुराणप्रिय म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. त्याचे वीस वर्षांचे अक्षरधन त्या कुलपाआड होते.

यावरचा खरा उपाय दुसरीकडे तयार होत होता. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली संहिता निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःची घरे मिळाली. 'विंडोज २०००' मध्ये तिचा प्रत्यक्ष उपयोग होऊ लागला. तीतील 'मंगल' हा टंक घडविला तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. बंगळूरच्या सायबरस्केपनेही देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांचे 'आकृती' टंक मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले, ही नोंदण्याजोगी उदारता होय. तरी जुन्या मजकुराचा प्रश्न राहिलाच.

दरम्यान मागे राहण्याची किंमत वाढत गेली. ८ एप्रिल २०१४ नंतर एक्स्पीच्या छिद्रांना ठिगळे लावणे मायक्रोसॉफ्टने थांबविले. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव जगभर पसरला, संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागू लागला, आणि कंपनीला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्स्पीसाठीही तातडीचे ठिगळ काढावे लागले. पैसे देणारी बँकांची यंत्रेही अनेक ठिकाणी एक्स्पीवरच चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत, नव्या प्रणालीवर आणण्याचा आदेश दिला. एकाकी छापखान्याने जुनी प्रणाली ठेवणे वेगळे, आणि लोकांचा पैसा हाताळणाऱ्या यंत्राने ती ठेवणे वेगळे. हा भेद फार थोड्यांनी केला.

आता तर परतीचे दारच अरुंद झाले आहे. २०१५ मध्ये 'विंडोज १०' आली तेव्हा चढलेल्या माणसाला उतरण्यासाठी तीस दिवसांची मुदत होती. पुढच्याच वर्षी ती दहा दिवसांवर आली. ॲपलच्या फोनात जुनी प्रणाली बसवावयाची तर फोन आधी कंपनीची संमती विचारतो, आणि नवी आवृत्ती स्थिरावली की जुनीला ती संमती मिळत नाही. यामागे सुरक्षेचे कारण आहे व ते खोटे नाही. परंतु विकत घेतलेल्या वस्तूत मागे जाण्याचा अधिकार धन्याचा की कर्त्याचा, याचा निवाडा कर्त्यानेच परस्पर करून टाकला आहे.

मराठी मजकुराची सुटका आता रूपांतराच्या मार्गाने होते. जुन्या टंकातील चिन्हे घेऊन त्यांची युनिकोड अक्षरे करणाऱ्या आज्ञावल्या आहेत. मात्र जुन्या टंकात अक्षरे दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर येई. युनिकोडात हा क्रम उच्चाराचा आहे. ही उलथापालथ करताना आज्ञावली कुठे तरी चुकते. 'आचाऱ्यास' बोलावणे धाडावयाचे असता 'आचार्यास' धाडले जाते, डोंगरातील 'दऱ्या' जाऊन 'दर्या' उसळतो. असे हजारो पानांत कुठे झाले हे कळावयास मूळ पान डोळ्यांपुढे लागते, आणि ते जसेच्या तसे दाखवू शकते ते जुन्या प्रणालीचे यंत्रच. म्हणून काही छापखान्यांत एक पिवळट पडलेला संगणक, जाळ्यापासून तोडून, कोपऱ्यात ठेवलेला असतो. मुद्रितशोधक नव्या पडद्यावरचे एक वाक्य वाचतो, मान वळवून जुन्या पडद्यावरचे वाचतो, आणि पुढच्या ओळीकडे वळतो.