ढाणकी परिसरातील मत्स्यव्यवसाय : हवामानबदल आणि नियोजन

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात ढाणकी या नगरपंचायतीच्या गावाभोवती मासेमारी चालते ती पैनगंगा नदी, तिला मिळणारे नाले, तलाव आणि शेततळी यांत. व्यवसाय पूर्णपणे गोड्या पाण्याचा आहे आणि पावसाळ्यात साठलेल्या पाण्यावर उभा आहे. तलावात पाणी किती महिने टिकते, यावर येथील मत्स्यनियोजन ठरते. हवामानबदलाने बिघडवले आहे ते हेच गणित.

पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूर धरण असून त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. धरणाखालची नदी उन्हाळ्यात अनेक ठिकाणी डोहांपुरती उरते आणि धरणातून पात्रात पाणी सोडावे, अशी मागणी काठच्या गावांतून होते. मरळ, वाम, शिवडा या नदीतल्या माशांना उन्हाळा काढण्यासाठी डोहांचाच आधार असतो. डोह पंप लावून उपसले गेले, की पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला मासेच शिल्लक राहत नाहीत. म्हणून नदीत दरवर्षी नवे मत्स्यबीज सोडण्याआधी डोह राखणे महत्त्वाचे ठरते. पैनगंगा अभयारण्य या दृष्टीने मोलाचे आहे. त्याच्या संरक्षित क्षेत्रात टिकलेले मासे खालच्या पात्रालाही पुरू शकतात.

तलावांत प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ वाढवतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे तिघांची एकमेकांशी खाद्यासाठी फारशी स्पर्धा होत नाही. हे मासे साठलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने त्यांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून बीजासाठी नदीवरचे अवलंबन सुटले. तरीही बीजनिर्मितीचा हंगाम पावसाळ्याचाच आहे. पाऊस लांबला की बोटुकली (बोटाएवढे मत्स्यबीज) उशिरा मिळते, पाणी मात्र ठरल्या वेळी आटते. कटला एक किलोच्या आसपास भरायला साधारण वर्ष लागते. सात-आठ महिन्यांच्या तलावात तो अर्धवट वजनाचाच विकावा लागतो. यावर उपाय म्हणजे आदल्या वर्षीचे बीज बारमाही तळ्यात दाटीने ठेवून त्याची वाढ खुंटवणे आणि पहिल्या पाण्याबरोबर ते मोठे बीज तलावात सोडणे. असे बीज मोकळ्या पाण्यात झपाट्याने वाढते. ढाणकीसारख्या भागात नव्या तळ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा बीज सांभाळणाऱ्या थोड्या बारमाही तळ्यांची तजवीज अधिक उपयोगी आहे.

उष्णतेचा परिणाम ऑक्सिजनवर होतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३५ अंशांना सुमारे ७. उलट तापलेल्या पाण्यात माशाची गरज वाढते. रात्री पाणवनस्पती व शेवाळही ऑक्सिजन वापरतात, म्हणून सर्वांत धोक्याची वेळ पहाटेची असते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की खाद्य बंद करून ताजे पाणी सोडावे लागते किंवा पंपाने तेच पाणी उडवून परत तळ्यात घ्यावे लागते. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात तळाला माती नसते, त्यामुळे मृगळाला नैसर्गिक खाद्य कमी मिळते. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची खोली दीड-दोन मीटरच्या खाली जाऊ लागली, तर मासे आधीच काढणे शहाणपणाचे.

पावसाची तऱ्हाही बदलली आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे २०१७ मधील अभ्यासाने दाखवले. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले होते. अशा पावसात सांडव्यावरून मासे वाहून जातात आणि वर्षाची गुंतवणूक एका रात्रीत संपते. सांडव्याला जाळी हवी, पण काडीकचऱ्याने ती तुंबून बांधच फुटू नये इतपत तिची छिद्रे मोठी हवीत. लोंढ्याबरोबर कापसाच्या शेतांतील कीटकनाशकेही येतात. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजुरांचे जीव गेले होते, हे पाहता पहिल्या पावसाचे पाणी तळ्याला वळसा घालून बाहेर काढण्याची काळजी अनाठायी नाही.

कमी पाण्यात तग धरतो म्हणून थाई मांगूर पाळण्याचा मोह होतो. हा मांसाहारी परदेशी मासा स्थानिक जाती संपवतो. त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे. देशी मांगूर आणि मरळ हे हवेतून श्वास घेणारे मासे उथळ पाण्यासाठी योग्य पर्याय आहेत, मात्र त्यांचे बीज सहज मिळत नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पाण्याचा प्रश्न मात्र वेगळा राहतो. पाणीवाटपात पिण्याचे पाणी आणि सिंचन अगोदर येते, तर मासेमारीचा ठेका घेणाऱ्या सहकारी संस्थेला पाण्याच्या पातळीवर हक्क नसतो. अशा संस्थेतील भोई कुटुंबांनी बीजासाठी पैसे घातल्यावर उपशामुळे तलाव कोरडा पडला, तर तोटा त्यांचाच. प्रत्येक तलावासाठी माशांना लागणारी पाण्याची किमान पातळी ठरवून ती ठेक्याच्या करारात लिहिणे आणि पाणीसाठा कमी असलेल्या वर्षी ठेक्याची रक्कम त्या प्रमाणात घटवणे, या दोन तरतुदींवाचून बीजाचे व काढणीचे कोणतेही वेळापत्रक पाळता येत नाही.